तेरावा हात

राख की धग? एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्यापायी त्या वर्षी मी खुळी झाले होते.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, झाडाचा पाला, वाळक्या फांद्या, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. पुढे त्याच जागी भात पेरलं की रोप तरारून येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण का येतं? राखेमुळे, की खालची माती भाजून निघते म्हणून? हे मात्र कोणी सांगेना. मामाला विचारलं तर म्हणे, "आज्यापास्नं भाजतात." मुंबईच्या कॉलेजात सरांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मतं पुष्कळ आहेत. तुमच्या भागातल्या मातीत कोणी करून पाहिलेलं दिसत नाही." मी तिथल्या तिथे बोलून गेले, "मी करून पाहते."

बोलून गेले खरी. बाबा कर्जत स्टेशनात कारकून, मी वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी, विभागात एकटीच मुलगी. सर माणूस सरळ होते, पण मुली शेतात टिकत नाहीत हे आपलं मत त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "एक हंगाम देतो. साधलं तर विषय तुमचा. नाही साधलं तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल, आणि तुम्ही प्रयोगशाळेत शेवाळं पाहायचं." तो दुसरा विद्यार्थी कोण, ते मला ठाऊक होतं. त्याला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. माझा प्रश्न त्याच्या हातात जाणार या कल्पनेनेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काळी मी नाकावर माशी बसू देत नसे. आता बसू देते, पण बराच वेळ नाही.

मामाचं घर पळसदरी स्टेशनापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. डोंगराच्या पायथ्याला त्याची भातखाचरं. त्याच्याकडे मी सोळा लहान खाचरं मागितली, प्रत्येक चार खाटा मावतील एवढं, आणि रोपासाठी सोळा वाफे. चार वाफ्यांवर नेहमीसारखा पुरा राब. चार वाफ्यांवर बाहेर भाजून आणलेली नुसती राख. चार वाफ्यांना नुसती धग, म्हणजे वर पत्रे टाकून त्या पत्र्यांवर जाळायचं आणि राखेचा कण खाली पडू द्यायचा नाही. उरलेल्या चारांना काहीच नाही. वाफा जो, त्याच आकड्याचं खाचर. ज्या वाफ्यातलं रोप त्याच खाचरात गेलं पाहिजे, हा सगळ्या प्रयोगाचा प्राण.

युद्धाचे दिवस होते, पत्रा डोळ्यांना दिसत नव्हता. कर्जतच्या एका व्यापाऱ्याच्या पडक्या गोदामाचे गंजलेले पत्रे बाबांनी हातापाया पडून मिळवले आणि बैलगाडीत घालून पाठवले. गाडी दारात आली तेव्हा मी लहान पोरीसारखी उडी मारून पुढे गेले आणि तळहात कापून घेतला. मामी हळद दाबत म्हणाली, "बरं झालं, उजवा हाय. तुला काय, तू डावरी." मी डावखुरी. मामी मला त्यावरून जन्मभर चिडवत आली. जेवायला बसले की ती माझं पान मुद्दाम भिंतीकडच्या टोकाला मांडायची, म्हणजे माझं कोपर कोणाला लागू नये.

कोणत्या वाफ्याला काय द्यायचं, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवणार होते. मामाच्याच टोपीत चिठ्ठ्या घालून एकेक काढायला लागले, तर मामा बांधावर बसून कपाळाला हात लावून बघतोय. "काय गं, शेती काय जुगार हाय? चांगली जागा कंची, वाईट कंची, मला इचार की." म्हटलं, "मामा, तू सांगशील म्हणूनच विचारत नाही. तू चांगली जागा राबाला देशील." मामाने थोडा विचार केला. "व्हय, देईन," म्हणाला. मला तो त्या क्षणी इतका आवडला की काय सांगू.

राब भाजला तो दिवस मला आजही वासासकट आठवतो. पत्र्यांवरचा जाळ खाली उतरतोय की नाही हे पाहायला मी मातीत थर्मामीटर खुपसून पालथी पडले होते. पारा चढायला लागला आणि मी ओरडले, "चढतोय गं, मामी, चढतोय." मामीला वाटलं विंचू चढला. ती केरसुणी घेऊन धावत आली.

रोपं उगवली. राबाची हिरवीगार, दाट. काहीच न दिलेल्या वाफ्यांतली पिवळट, विरळ, आजारातून उठल्यासारखी. बायका त्यांना उपाशी वाफे म्हणायच्या. लावणीला मामीसकट बारा जणी होत्या. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी त्यांची आपापसात सावड. मी बांधावर उभी राहून त्यांना तीनतीनदा बजावलं. वाफ्याच्या आकड्याची डांबराने रंगवलेली पाटी खाचरात, पाटी बघून रोपांच्या मुठी, म्हणजे जुड्या, टाका, आकडा कळत नसेल तर मला विचारा. बारा जणींनी बारा माना हलवल्या. मला वाटलं, झालं, जिंकलं.

सोळाही खाचरं लावून झाली आणि शेजारच्या मामाच्या शेताचंही काम आटपत आलं, तेव्हा संध्याकाळच्या गाडीला थोडा वेळ होता. मामीने माझ्या हातात एक मूठ कोंबली. "डावरे, नुसती वही काळी करत्येस. ह्या कडेला जागा हाय, लाव की चार ओळी, म्हंजे कळंल पाठ कशी मोडते." मी पदर खोचला आणि उतरले चिखलात. रोपं दोन-तीन दोन-तीन घेऊन खोचायची, एका जागी खोचलेल्यांची एक चूड, आणि मागे मागे सरायचं. बायका हसत होत्या. सहा ओळी लावून मी पाय धुतले आणि स्टेशनाकडे पळाले. कर्जतपर्यंत गाडीत माझ्या नखांतली माती मी कौतुकाने बघत होते.

भाद्रपद सरता सरता फुटवे मोजायला बसले. एका चुडीला किती फुटवे, हे मोजायचं काम कंटाळवाणं म्हणतात. ज्यांनी ते स्वतःच्या प्रश्नासाठी केलं नाही, त्यांनी म्हणावं. मला तर जेवायची शुद्ध नसायची. आणि मोजता मोजता माझे डोळे विस्फारले. काहीच न दिलेल्या चार खाचरांपैकी तीन राबाच्या खाचरांच्या जवळपास पोचली होती. रोप उपाशी, आणि पीक भरलेलं! म्हणजे खाचरात गेल्यावर रोप सगळी कसर भरून काढतं. म्हणजे राखही नको, धगही नको. डोंगरावरची झाडं दरसाल ओरबाडायला नकोत. मी पुन्हा मोजलं. तेच. त्या रात्री सरांना लिहिलेल्या पत्रात माझं अक्षर मलाच वाचता येईना, पुन्हा उतरवून काढावं लागलं. सरांचं उलट टपाली कार्ड आलं: येत्या रविवारी सकाळी येतो, कापणी होण्याआधी मला पाहायचं आहे.

शनिवारी शेतावर सगळ्या बायकांसमोर मी मामीला मिठी मारून सांगितलं, "मामी, तुझ्या उपाशी खाचरांनी माझं नाव काढलं." मामीचा चेहरा असा फुलला. ती बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "बघा गं. मी म्हनलं नव्हतं, पोरीची खाचरं भरून काढू?"

"भरून काढू म्हणजे?"

"म्हंजे काय? आमच्या शेतातल्या मुठी उरल्या व्हत्या. उरलेली मूठ घरी न्यायाची नाय, बांधावर टाकायाची नाय. ज्याचं रान इरळ त्याला द्यायाची. तुझं इरळ व्हतं. तू गेल्यावर आमी समद्यांनी घातली."

मामाच्या शेतातल्या मुठी म्हणजे पुऱ्या राबाच्या वाफ्यातली रोपं. ती माझ्या उपाशी खाचरांत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझा शोध, माझा हंगाम, माझा विषय, सगळं बाराजणींनी चांगुलपणाने चिखलात खोचून टाकलं होतं.

मी मामीला काय काय बोलले, ते आज सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगायला पाहिजे. म्हटलं, तुम्हाला पाटी दाखवून उपयोग काय, तुम्ही आंधळ्या. म्हटलं, अडाण्यांच्या हातात काम दिलं ही माझी चूक. बारा जणींसमोर म्हटलं. मामी मध्ये एकदाच बोलली, "शेत उपाशी ठेवू नये, येवढंच आमाला म्हाईत." मग तिने हातातला विळा कमरेला अडकवला आणि गुरांकडे गेली. रात्री तिने माझं पान नेहमीच्याच जागी मांडलं, पण चिडवलं नाही.

खोटं कशाला बोलू, सरांना काही सांगूच नये असंही मनात येऊन गेलं. बायका बोलल्या नसत्या. पण मग माझा प्रश्नच खोटा पडला असता, आणि तो मला फार प्यारा होता. सर पळसदरीला उतरले तशी मी फलाटावरच सगळं ओकले. अर्थात माझ्या पद्धतीने. "सर, बायकांनी घोळ घातला. मी बांधावर उभी राहून सगळं नीट सांगितलं होतं, मी लावणीला बोटसुद्धा लावलं नाही." सर म्हणाले, "कोणत्या चुडी मूळच्या, कोणत्या घातलेल्या, सांगता येईल?" म्हटलं, "नाही." ते गाडीकडे वळले, पण गाडी खोपोलीकडे निघून गेली होती. "ती परत येईपर्यंत तास-दीड तास आहे," ते म्हणाले. "चला, शेत तरी पाहू."

शेतावर बारा जणी उभ्या होत्या. सरांनी मामीला तेच विचारलं, आणि मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, "का नाय सांगता येनार? कोनी घातल्या ती ओळखंल की आपल्या."

"तीन महिन्यांनी? कशावरून?"

"हातच्या काकनाला आरसा कशाला, सायेब?"

आणि ती दाखवत सुटली. ही ओळ हिची, ती दोन रोपांची चूड लावते, तिचा हात कंजूस. ही जवळजवळ लावते, भिंतीला टेकून उभी राहिल्यासारखी. हिची ओळ शेवटाला फाकते, कारण तिची कंबर दुखते. प्रत्येकीने आपापल्या घातलेल्या ओळी बोटाने दाखवल्या. मी तोंड उघडं टाकून उभी. सर मात्र संशोधक माणूस, त्यांनी मान हलवली. "या एकमेकींचं ऐकून बोलताहेत. अशाने नाही चालायचं."

मग त्यांनी कसोटी मांडली. सगळ्या बायकांना त्यांनी गोठ्याच्या पलीकडे पाठवलं. मामाच्या शेतात, जिथे लावणीला कोण कुठे उभी होती ते मामाने बांधावरून पाहिलं होतं, तिथे मामाला विचारून दहा जागी सुतळी बांधली आणि उत्तरं आपल्या वहीत लिहिली. मग एकेकीला बोलवून विचारलं, हा हात कोणाचा? पहिलीने दहापैकी दहा सांगितले. दुसरीने दहा. तिसरी एका ठिकाणी अडली, म्हणाली, "ही माझी नायतर माझ्या जावेची, आमा दोघींना एकीनंच शिकीवलं." सरांनी वहीत बघितलं आणि ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. चौथीपर्यंत त्यांनी बूट काढून बांधावर ठेवले होते आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती. "कळतंय का तुम्हाला," मला म्हणाले, "तुमचा प्रयोग बिघडलेला नाही. एकाच खाचरात, एकाच पाण्यावर, शेजारी शेजारी दोन प्रकारची रोपं आहेत. यापेक्षा चांगली तुलना मीसुद्धा मांडली नसती. फक्त प्रत्येक घातलेल्या ओळीला धनी पाहिजे."

डोंगराआडून गाडीची शिट्टी ऐकू आली. खोपोलीहून परतलेली गाडी. सरांनी मान वर केली नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

उपाशी खाचरं एकेक करून आम्ही उकलत गेलो. ओळीला ओळ, सुतळी, चिठ्ठी, नाव. तिसरं झालं. सहावं झालं. अकराव्यात बांधाच्या कडेला सहा ओळी राहिल्या. रोपं जोमदार, म्हणजे राबाचीच, घातलेली. सरांनी विचारलं, "या कोणाच्या?"

एकेक करून अकरा जणी आल्या, वाकल्या, बघितलं आणि सरळ झाल्या. "आमच्या नायत." शेवटी मामी. तिने बघितलं, माझ्याकडे एकदा डोळे केले आणि खाली पायांकडे बघत म्हणाली, "म्हाईत नाय, सायेब."

सरांचा चेहरा उतरला. "मग अडचण आहे. एक हात अनोळखी निघाला, म्हणजे कोणी परकं येऊन रोपं घालून गेलं. त्याने इथे घातली तशी बाकी खाचरांतही घातली नसतील कशावरून? यादी पुरी नसेल तर यादीच नाही." त्यांनी बूट उचलले.

मी त्या ओळींकडे बघितलं. सकाळपासून मामीच्या तोंडून ऐकून आता मलाही थोडं दिसायला लागलं होतं. उजव्या हाताने लावणारीच्या ओळीला एका बाजूला किंचित बाक येतो. शेतातल्या सगळ्या ओळी तशाच बाकलेल्या. या सहा उलट्या. आणि चुडी कशा, एकीत दोन रोपं, एकीत सात, अंतर वाटेल तसं. असं लावणारं माणूस त्या सगळ्या शिवारात एकच होतं, आणि ते मुंबईच्या कॉलेजात शिकत होतं.

मामीने दिलेली मूठ. ती कुठल्या वाफ्यातली, हे मी विचारलंच नव्हतं. बाराजणींना पाटी वाचायला सांगणारीने स्वतः पाटी वाचली नव्हती. बायकांनी मुठी घातल्या त्या मी गेल्यावर. पहिली मूठ माझीच. आणि ही गोष्ट त्या बारा जणींना केव्हाच दिसली होती. म्हणून सगळ्या चिखलाकडे बघत होत्या.

गप्प बसले तर हंगाम जातो. बोलले तर फलाटावर सरांना सांगितलेलं खोटं उघडं पडतं. आणि माझ्यासाठी सरांनी सोडलेली गाडी तर केव्हाच निघून गेली होती.

"सर," मी म्हटलं, "हा माझा हात."

"तुम्ही तर म्हणालात, बोट लावलं नाही."

"लावलं होतं. विसरले होते, आणि दोष दुसऱ्यांना देताना आठवायची तसदी घेतली नाही."

सरांनी बांधावरचं गवत उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "लावून दाखवा." मी पदर खोचला, बारा जणींच्या आणि सरांच्या समोर ओल्या मातीत उतरले आणि डाव्या हाताने गवताच्या दोन ओळी लावत मागे सरले. सर वाकून कधी या ओळींकडे, कधी त्या ओळींकडे बघत राहिले. मग बूट खाली ठेवले, वही उघडली आणि म्हणाले, "तेरावा हात. डावा. पुढे चला, चौदावं खाचर राहिलंय."

कापणी ओळीओळीने झाली. बायकांनी प्रत्येक हाताची पेंढी वेगळी बांधली. उपाशी रोप शेवटपर्यंत मागेच राहिलं, कसर-बिसर काही भरून काढली नाही. राखेने थोडा फरक पडला. आणि पत्र्याखाली नुसत्या धगीने भाजलेल्या मातीतलं रोप पुऱ्या राबाच्या मागोमाग आलं. धग! मी खळ्यावर तराजूचा काटा बघत होते आणि मला रडू येत होतं. विषय माझा राहिला. माझ्या प्रबंधात एक कोष्टक आहे, त्यात तेरा हात आणि प्रत्येकाची खूण दिली आहे. तेराव्यासमोर लिहिलंय: अंतर अनियमित, चूड अनियमित, संशोधिकेची.

पण ते पुढचं. त्या रविवारी सरांना पुढच्या गाडीत बसवून मी परत आले तेव्हा मामी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. "तू ओळखलं होतंस ना?"

"पयल्याच नजरेला. उलटी ओळ कोनाची असंल?"

"मग बोलली का नाहीस? काल मी तुला एवढं बोलले."

मामीने एक खडा काढून अंगणात टाकला. "काल तू बोललीस तवा मला लई लागलं. सायबाच्या म्होरं तुलाबी लागलं असतं." आणखी एक खडा शोधत म्हणाली, "आमाला खोडच हाय ती. इरळ दिसलं की भरून काढायाचं."

मी म्हटलं, "मामी, चुकलं माझं." सुपातले अर्धे तांदूळ तिने माझ्यापुढे सारले, आणि सूप माझ्या डाव्या हाताच्या बाजूला फिरवून ठेवलं.